दुहेरी घडी

मोहरीची पुरचुंडी पुन्हा वर सरकली. आशालताने ती ओढून जागेवर बसवली, पदर नीट केला आणि आरशात पाहिलं. दोन्ही बाजू जेमतेम सारख्या दिसत होत्या. हात वर करायचा नाही, वाकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. एवढं पाळलं की आजचा दिवस निभावला.

पुरचुंडी तिनेच शिवली होती, जुन्या पंच्याच्या तुकड्याची. टाके वेडेवाकडे, एक नायगावला तर दुसरा विरारला. नीट शिवता आलं असतं तर ही बाई शिवणवर्गाला निघालीच कशाला असती?

ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं. डावी बाजू गेली, जीव वाचला. हे घरात नवऱ्याला, जयवंतला आणि मुलाला, सिद्धेशला माहीत होतं. बाहेर कुणालाच नाही. दवाखान्यात मिळालेला सिलिकॉनचा गोळा घामाने व्रणाला झोंबायचा, म्हणून तो कपाटात गेला. पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी यांवर तिने वर्ष काढलं. पण आता सिद्धेशचं लग्न महिन्यावर आलं होतं. नवऱ्या मुलाची आई मांडवात ओढणी गुंडाळून कशी उभी राहणार?

टेलरकडे जाऊन झालं होतं. नेहमीचाच टेलर. तिचा जुना मापाचा ब्लाउज हातात घेऊन म्हणाला, "माप तेच ना, वहिनी?" तिच्या तोंडून "हो" निघून गेलं. शिवून आलेला ब्लाउज डावीकडे पोचट लोंबत होता आणि पदरातूनही ते कळत होतं. त्या दिवशी नळ मोठा सोडून ती बाथरूममध्ये पोटभर रडली. बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "मी लग्नाला येत नाही. ताप आलाय म्हणून सांगा." दुसऱ्या दिवशी जयवंतने वसईतल्या एका नवशिक्यांच्या ब्लाउजवर्गात तिचं नाव घातलं.

तिचा बेत सरळ होता. वर्गात साडीआड पुरचुंडी ठेवून खोटं माप द्यायचं, कापणं-शिवणं शिकून घ्यायचं आणि खरा ब्लाउज घरी दार लावून शिवायचा. कुणाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं.

वर्ग सोमवारपासून होता, आज नुसती तयारी. शिकवणाऱ्या उन्नती मॅडमनी आल्या आल्या बायकांच्या जोड्या पाडल्या. "एकमेकींची मापं घ्या आणि मोठ्याने सांगा. मी फळ्यावर लिहिते."

आशालताने पदर घट्ट लपेटून घेतला. तिच्या वाट्याला आली पाचूबंदरची रीमा. धक्क्यावर मासळीचा लिलाव उरकून ती तशीच आली होती आणि आवाज अजून लिलावातलाच होता.

"काकी, सरल उभ्या रावा. घाबरता कशाला? टेप हाय, सुरी नाय."

टेप पाठीमागून पुढे आली. रीमाने ती आवळली, आणि आत काहीतरी उसवलं. आशालताला ते नुसतं जाणवलं. मोहरी पोटावरून ओघळली, निऱ्यांवरून घरंगळली आणि फरशीवर टपटप पडू लागली. डावी बाजू बघता बघता बसत गेली. टेप रीमाच्या बोटांत सैल पडली.

आशालताने डोळे मिटले. धरणीने पोटात घ्यावं तर आत्ताच, असं तिला वाटलं.

"काय सांडलं गं?" फळ्यापाशी उभ्या असलेल्या मॅडमनी मागे न पाहताच विचारलं.

रीमाने दाण्यांवर पाय ठेवला. "माझे पिशवीतली मोहरी, मॅडम. येताना बाजार आनलाय." मग तिने आशालताचा पदर अलगद पुढे ओढून दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारलं, "छाती अडतीस. लिवा."

मॅडमनी अडतीस लिहिलं. कुणाला काही कळलं नाही. आशालताला रीमाच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. अब्रू वाचली होती आणि बेतही शाबूत होता.

मॅडमनी हात झटकले आणि एक कागद घेतला. "आता सोमवारचं ऐकून ठेवा. कापडाची अशी दुहेरी घडी घालायची. एका बाजूचं माप आखायचं आणि दोन्ही बाजू एकदम कापायच्या. त्या सारख्याच असतात, दुसरीचा विचारच करायचा नाही." त्यांनी कात्री चालवली आणि कागदी ब्लाउज उलगडून दाखवला, दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या.

आशालता त्या कागदाकडे बघत राहिली. हा ब्लाउज तिच्या ओळखीचा होता, तो घरी कपाटात टांगलेला होता. टेलरने असाच कापला होता आणि तिने "हो" म्हटलं म्हणून कापला होता. इथे महिनाभर येऊन ती तोच पुन्हा शिवायला शिकणार होती. मग लग्नाच्या दिवशी ताप ठरलेलाच. सिद्धेशच्या डोक्यावर अक्षता पडतील तेव्हा ती घरी पंख्याकडे बघत पडलेली असेल.

तिने पदराआड हात घातला, रिकामी पुरचुंडी ओढून काढली आणि टेबलावर ठेवली. वर्गातल्या बायका बघू लागल्या. रीमा हळूच म्हणाली, "काकी, ऱ्हावं द्या ना."

"मॅडम, ते अडतीस पुसा," आशालता म्हणाली. "माझ्या कापडाला घडी घालायची नाही. मला दोन बाजू वेगवेगळ्या कापायला शिकवा."