तेल न लागणारं आयुध

आयुधपूजेत ओवाळून फोडायचा कोहळा तयार होता, पण बंगळूरच्या विमानदुरुस्ती कारखान्यातल्या अवजारांच्या फळीवर एका पान्याची जागा रिकामी होती. अवजार आत राहिलं तर घात, म्हणून तो सापडेपर्यंत दुरुस्त झालेलं विमान उडणार नव्हतं. “लॅपटॉप पूजेत मांडायचाय म्हणे! ज्याला तेल लागत नाही ते कसलं आयुध? विचार त्याला, पाना कुठंय,” गुंडप्पा मिस्त्रींनी अवजारांची नोंद ठेवणाऱ्या तंगम्माला टोमणा मारला. अवजारांवरच्या, विमानाच्या झाकणांवरच्या रेडिओ-चिपांची प्रत्येक हालचाल तिनं लॅपटॉपात साठवलेली. पाना आत्ता कुठंय, याला उत्तर येईना. मग तिनं विचारलं, पान्याची चिप गप्प झाली तेव्हा शेजारी काय हललं? उत्तर आलं: डाव्या पंखाचं झाकण. “अण्णा, पत्र्याआडून चिप बोलत नाही. झाकण उघडा.” “मी स्वतः लावलंय ते!” गुरगुरत मिस्त्री शिडी चढले. उतरले ते पाना घेऊनच. तेलकट अंगठा कुंकवात बुडवून त्यांनी सगळ्यांदेखत लॅपटॉपवर टेकवला. “लागलं तेल! आधी याच्यावरून कोहळा ओवाळा!”