माडीत भिजवलेलं पीठ

फिलोमिनाबाईंच्या मांडीवर पिठाचं पातेलं होतं. वसईत पुतणीच्या लग्नाचे फुगे, म्हणजे तेलात टम्म फुगणारे गोल पाव, तळायचे, म्हणून पीठ माडाच्या आंबलेल्या माडीत भिजवलेलं. मांडवात तेल तापलं होतं. आणि त्यांना घेऊन निघालेली बिनचालकाची गाडी वाटेतच थांबली नि बोलली,

"वाहनात उघडी दारू आहे. झाकण लावा."

त्यांनी लावलं. पीठ फुगून झाकण वर आलं, गाडी पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा थांबल्यावर त्या भडकल्या, "अगं बये, हा कायदा कुणासाठी?"

"गाडी चालवणाऱ्यासाठी."

"मग चालवतंय कोण?"

"मी."

"आणि वास कुणाला आला?"

"मला."

 मग गाडीने स्वतःचाच परवाना रद्द करून दारं उघडली.

फिलोमिनाबाई पातेलं कडेवर घेऊन तरातरा चालू लागल्या. मागून गाडीने हळूच विचारलं, "बाई, मला चढलीय का हो?"