घड्याळाची परीक्षा

पुढच्या वर्षीपासून मॅरेथॉन पळायचीच नाही, असं ठरत आलं होतं. सुरुवातीच्या रेषेवरच घड्याळ नाडी पाहून निकाल सांगणार होतं. फक्त घड्याळाची चाचणी घेणारी जुनी धावपटू जयवंता भोये हिची पसंती तेवढी बाकी होती.

"चार तास दहा मिनिटं," तिच्या मनगटावरचं घड्याळ बोललं.

"झालं, ताई! करा अहवालावर सही," घड्याळ बनवणारा इंजिनिअर म्हणाला.

"अजून पळालेय कुठे मी?" म्हणत जयवंता घाटाला लागली.

बेचाळीस किलोमीटर संपवून ती परतली, तेव्हा पाच तास उलटले होते.

"तुम्ही मुद्दाम रेंगाळलात!" इंजिनिअर चिडला.

"रेंगाळलेच. वाटेत करवंदं पिकली होती, ती तोंडभर खाल्ली. पाय माझे आहेत, बाबा!"

अहवालावर तिनं ठसठशीत अक्षरांत 'नापास' लिहिलं.