दार न उघडता

बाबांना गप्प बसवत नाही, हेच आमच्या घराचं दुखणं. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली आणि घरी आईच्या देवाच्या चमत्कारांची टर उडवली. दोन महिन्यांपूर्वी दादा अकरा दिवस आयसीयूत झुंजून गेला, आणि आज यांना कुठून सुचलं कोण जाणे, निघाले आईची समजूत घालायला!

दादाच्या औषधांची यादी उलटी करून त्यांनी मागे एक चौकोन काढला. चौकोनात एक माणूस.

"या कागदावरच्या माणसाला फक्त लांबी-रुंदी कळते. चारी बाजूंनी बंद खोलीत बसलाय. पण मी वरून बोट टेकवलं की थेट आत! दार उघडायला नको, भिंत फोडायला नको. त्याच्या दृष्टीने चमत्कारच. तशी देवाकडे आपल्यापेक्षा एक मिती जास्त असेल, तर तुझे सगळे चमत्कार मला मान्य, बघ."

मी डोळे वटारून खुणावत होते, पुरे करा. पण ऐकतील तर ते बाबा कसले!

आई त्या चौकोनाकडे बघत राहिली. "म्हणजे देवाला दार लागतच नाही?"

"अजिबात नाही!" बाबा खुशीत.

 

"आयसीयूत कुणालाच सोडत नव्हते," आई म्हणाली. "मी आपली समजत होते, माझ्यासारखं देवालाही दारातच अडवलं असेल."