पाहुण्यांची वही

चार वाजता हॉटेलची चहाची घंटा होणार होती, आणि पावणेचारला अनुप जाधव आपल्या आईला पटवत होता की तिला बरं नाहीये.

"मले?" रमाबाई म्हणाल्या. "मी तर सकाळपासून चांगली हिंडून राहिली. दोनदा समुद्रात पाय घालून आली."

"म्हणूनच दमलीस. चहा वरच मागवतो."

रमाबाईंनी मुलाकडे नीट पाहिलं. नागपुरात तीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली होती. कोणत्या पोराच्या पोटात खरंच दुखतंय आणि कोणाच्या नाही, हे त्यांना दारातूनच कळायचं.

"त्या सुशांतसमोर मी 'जय भीम' म्हणीन, हेच ना?"

अनुप खिडकीतून बाहेर बघत राहिला. "नोकरी जाऊन एकेचाळीस दिवस झाले, आई. व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर भारतात परत जायला बॅगा भरायच्या. हर्षिताची शाळा, घर, सगळं सोडून. सुशांतच्या कंपनीत जागा आहे. त्याने एक शब्द टाकला की काम झालं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"जा," रमाबाई म्हणाल्या. "मले बरं नाही."

हिशेबाने बघायला गेलं तर अनुप खोटं एकदाही बोलला नव्हता. अमेरिकेत, पार्सिपनी गावात, सहा वर्षं कुणी ना कुणी मराठी माणूस विचारायचा, "जाधव म्हणजे साताऱ्याकडचे का?" आणि तो हसायचा. सुशांतने "आपल्यातलाच आहे" म्हणत खांद्यावर हात टाकला, तेव्हाही तो हसला होता. बायकोने मात्र या सहलीला सरळ नकार दिला. म्हणाली, "तुझं ते हसणं मला बघवत नाही." आई आली, कारण तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

खाली चहाच्या खोलीत फुलाफुलांचे पडदे होते, चांदीच्या किटल्या होत्या आणि भिंतीवर नियमांचा छापील कागद होता. मालकीण मिसेस विल्कॉक्स चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडहून न्यू जर्सीच्या या किनाऱ्यावर आल्या, आणि तेव्हापासून त्यांनी अमेरिकेला दाराच्या आत येऊ दिलं नव्हतं.

"काकू नाही आल्या?" सुशांतच्या बायकोने, आश्लेषाने विचारलं.

"तिला जरा बरं नाहीये."

"शी इज टोटली फाइन," नऊ वर्षांची हर्षिता स्कोनवर जॅम थापत म्हणाली.

"आणि अनुप, तुमचं मूळ गाव नक्की कुठलं हो? मागेही विचारलं होतं मी."

अनुप हसला.

"आश्लेषा, सोड ना यार त्याला," सुशांत म्हणाला. "ऐक, सोमवारी तुझा रेझ्युमे मी स्वतः फॉरवर्ड करतो. आपल्या माणसाचं आपण नाही बघायचं तर कोण बघणार?"

अनुपने मनात सोमवारपर्यंतचे तास मोजले. तेवढ्यात दार उघडलं. मिसेस विल्कॉक्स रमाबाईंना दंडाला धरून आत घेऊन येत होत्या. नियम सहावा: खोलीत चहा मिळणार नाही. आजाऱ्यांना चहाची जास्त गरज असते, असं त्यांचं म्हणणं.

सुशांत आदबीने उठून उभा राहिला. रमाबाईंनी हात जोडले. त्यांचं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. परक्या भाषेतला शब्द पाठ करून म्हणावा, तसा.

हर्षिताने मान वर करून आजीकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत अनुपने तिच्या ताटलीत आणखी एक स्कोन सरकवला.

संकट टळलं होतं. अनुप खुर्चीला टेकला, दुपारपासून पहिल्यांदाच.

मग मिसेस विल्कॉक्स जाडजूड वही आणि शाईचं पेन घेऊन आल्या. शनिवारच्या चहाला प्रत्येक पाहुण्याने तीत दोन ओळी लिहायच्या, आपापल्या भाषेत. सुरुवात वयाने सर्वांत मोठ्या माणसापासून.

रमाबाईंनी चष्मा लावला. वही सरळ केली आणि लिहू लागल्या. अनुप समोर बसला होता, त्याला अक्षरं उलटी दिसत होती. तरी वरचे दोन शब्द त्याला वाचता आले. त्याला होस्टेलवर आलेल्या आईच्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर हेच दोन शब्द असायचे. त्याखाली रमाबाईंनी लिहिलं, 'समुद्र खूप मोठा आहे.' मग सही केली.

"बघू, बघू, काकूंनी काय लिहिलंय!" आश्लेषाने वहीकडे हात पुढे केला.

अनुपचं कोपर किटलीला लागलं. लागलं म्हणजे, त्याने लावलं.

चहा पानभर पसरला. "सॉरी, सॉरी!" अनुप नॅपकिनने पुसू लागला, आणि ज्या ओळीवर पुसायला हवं त्याच ओळीवर सर्वांत जोरात पुसू लागला. निळी शाई चहात उतरली. वरचे दोन शब्द गेले. समुद्र तेवढा अर्धा राहिला.

रमाबाई नॅपकिनकडे बघत होत्या. मग मुलाच्या हाताकडे.

मिसेस विल्कॉक्स मुळीच रागावल्या नाहीत. या वहीवर याआधी अडतीस वेळा चहा सांडलाय, त्या इंग्रजीत म्हणाल्या. त्यांनी ओलं पान उलटलं, नवं कोरं पान तळहाताने सपाट केलं आणि पेन पुन्हा रमाबाईंच्या हातात दिलं. प्लीज, पुन्हा लिहा. होतं अगदी तसंच.

"आजी, राइट इट अगेन," हर्षिता म्हणाली.

आश्लेषा मान पुढे काढून बसली होती. सुशांतही हसत थांबला होता.

रमाबाईंनी पेनाचं टोक पानाच्या माथ्यावर नेलं. तिथेच धरून ठेवलं. मग चष्म्यावरून समोर पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"काय लिहू, अनुप?"