नारिंगी पाट्या

"मग चूक कुणाची, समुद्राची की तुमच्या गणिताची?" कप्तानांनी विचारलं आणि सभागृहात हशा पिकला.

कप्तान म्हणजे परिषदेतल्या या सत्राचे अध्यक्ष. उमेदीची वर्षं तेलवाहू जहाजांवर गेलेली. आता समुद्रात तेल सांडलं की ते आवरायचं काम त्यांच्याकडे असे. बोलणं खोचक, पण प्रश्न नेमका.

"चहानंतर सांगते," ती म्हणाली आणि माईकपासून बाजूला झाली.

दहा वर्षं खपून तिने संगणकावर या किनाऱ्याचं गणित बसवलं होतं. वारा, भरती आणि प्रवाह सांगितले की बंदरात सांडलेलं तेल कुठे जाऊन लागेल, ते कळायचं. पण पडताळून बघायला खरं तेल थोडंच ओतता येतं? म्हणून ती बंदराबाहेर लाकडी पाट्या सोडायची. तळहाताएवढ्या, नारिंगी रंगवलेल्या, मधोमध एक भोक. प्रत्येकीवर क्रमांक आणि खाली 'सापडल्यास या नंबरवर कळवा'. अशी हलकी पाटी साधारण तेलासारखीच वाहत जाते.

गणित म्हणत होतं, पाट्या काळ्या पुळणीवर लागतील. कोळशासारख्या काळ्या वाळूचा तो लांबलचक किनारा. वस्ती नाही, मागे खारफुटीचं रान. तिचे सहकारी दर आठवड्याला तिथे चक्कर मारत आणि हात हलवत परत येत.

पाट्या सापडत होत्या त्या पुळणीपुढच्या डोंगराच्या पलीकडे, गोट्यांच्या किनाऱ्यावर. तिथे वाळू नावालाही नाही, नुसते गुळगुळीत दगड. त्या किनाऱ्यावरच्या गावात तिचे बाबा एकटे राहत.

पहिली पाटी बाबांनाच सापडली होती. मग सलूनवाल्याला, मग दूधवाल्याला, मग टपालवाल्या बाईंना. फोन बहुतेक शनिवारी यायचे.

तिचा एक नियम होता. नुसत्या फोनवर विसंबायचं नाही, जागा स्वतः जाऊन बघायची. रविवारी ती गाडी काढायची. वाऱ्याची नोंद, दगडांचे फोटो, आणि मग आलेच आहे तर म्हणून बाबांकडे जेवण. आई गेल्यानंतर वर्षभर तिला तिकडे फिरकायला जमलं नव्हतं. आता महिन्यातून दोन-तीन फेऱ्या व्हायच्या.

बाबांना त्याचं विशेष काही वाटत नसावं.

"आलीस झोपमोड करायला?" ते दारातच म्हणायचे. "हात धू. ताटं घेतलीत."

"मी येणार हे कुणी सांगितलं?"

"सलूनवाला बोंबलत होता, पाटी सापडली म्हणून. या गावात दुसरं घडतंय काय?"

त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. जेवताना ते तिला विद्यार्थिनीसारखं बोलतं करायचे. पाट्या खरं तर कुठे लागायला हव्यात? किती दिवसांनी? पुढच्या कधी सोडणार? ती वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर किनारा काढून दाखवायची आणि ते चष्मा पुसून नीट बघायचे. एकदा म्हणाले, "गणित चांगलंय तुझं. उगाच खोडू नकोस." तिला हसू आलं होतं. बापाला लेकीचं गणित चांगलंच वाटणार.

आज मात्र खोडायची वेळ आली होती. तेल अडवणाऱ्या तरंगत्या भिंती एकाच किनाऱ्याला पुरतील एवढ्याच होत्या. त्या कुठे ठेवायच्या, हे कप्तान आज तिच्या शब्दावर ठरवणार होते. जागा चुकली आणि तेल खारफुटीत शिरलं, तर ते कुणाच्या बापाला काढता येणार नव्हतं.

चहाच्या टेबलाशी बाबा कप घेऊन उभे होते. लेकीचं भाषण ऐकायला ते पहिल्यांदाच आले होते. नवा सदरा, खांद्याला पिशवी, पँटची खालची कड ओली.

"केवढ्या लवकर निघालात?"

"पहिल्या बसने. पास आहे ना फुकटचा. वाटेत उतरून जरा पाय मोकळे केले." मग त्यांनी हळूच विचारलं, "काय सांगणार आहेस त्यांना?"

"गणित चुकलं म्हणून. आपल्या गावाकडे वळणारा एखादा प्रवाह असणार, मला न सापडलेला. भिंती तिकडेच ठेवायला सांगते."

"आणि काळी पुळण?"

"ती मोकळीच राहील."

बाबांचा कप बशीवर वाजला.

तेवढ्यात कप्तान बिस्किटं घेऊन आले. "मास्तर, लेक हुशार आहे हो तुमची. पण समुद्र तिच्याहून हुशार निघाला. तिला सुटी असली की बरोबर पाट्या पाठवतो."

"लोक शनिवारीच समुद्रावर फिरायला जातात," ती म्हणाली. "म्हणून तेव्हा सापडतात."

"असेल, असेल." कप्तान हसत पुढे गेले.

बाबा हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"गोळी घेतलीत का प्रेशरची? पिशवीत आहे ना?" तिने पिशवीत हात घातला.

"थांब, मी काढतो." पण त्यांच्या एका हातात कप होता, दुसऱ्यात बिस्किट.

रुमाल लागला. बसचा पास लागला. त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चपटं, ओलसर. कागदाची घडी सुटली आणि आत नारिंगी रंग दिसला. एकावर एक पाच पाट्या. भोकांत वाळू गच्च बसली होती. तिने ती चिमटीत घेऊन चुरडली. बोटं कोळशासारखी काळी झाली.

घंटा वाजली. दारातून कप्तान हाक मारत होते, "चला बाई! समुद्र की गणित?"

बाबांनी कप खाली ठेवला. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "पहिली मात्र खरंच आली होती गं."