मे महिन्यातलं ऊन

माना टाकलेल्या शेवंतीची कुंडी वामनरावांनी नर्सरीवाल्या बाईपुढे ठेवली. "पाणी रोज घालतो मी. तरी ही दुसरी गेली."

"ऊन किती वेळ येतं, काका?"

"सध्या नाही. पावसाळ्यामुळे असेल. फ्लॅट बघायला गेलो तेव्हा गॅलरीत उभं राहवत नव्हतं. आमच्या हिनं त्या उन्हासाठीच तर तो पसंत केला."

"कधी बघितला होता?"

"मे महिन्यात."

"गॅलरी उत्तरेची असणार," बाई म्हणाली. "मेच्या सुमारास सूर्य उत्तरेला सरकतो, तेवढंच ऊन. एरवी सावली. शेवंतीला रोज पाच-सहा तास ऊन हवं. मनी प्लांट न्या, नाहीतर मेपर्यंत थांबा. ऊन परत येईल."

वामनराव बोटांवर महिने मोजू लागले आणि मध्येच थांबले. काल डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वहिनी पुढच्या महिन्यात दिवाळी काढतील, पुढचं सांगता येत नाही." ती मात्र पलंगावर पडल्या पडल्या रोज विचारत होती, शेवंतीला कळी धरली का.

त्यांनी नर्सरीतली कळ्यांनी लगडलेली शेवंतीची नवी कुंडी उचलली.

"अहो, उन्हाशिवाय ही महिना-दीड महिना तग धरेल फार तर."

"पुरेल," वामनराव म्हणाले.